खाच पाडणारी यंत्रे आणि सांध्याची ताकद: गैरसमज व वस्तुस्थिती

सांधा किती मजबूत होईल हे खाच पाडणाऱ्या यंत्रावर अवलंबून असते, असे अनेकांना वाटते आणि म्हणून महागडे यंत्र घेतले की फर्निचर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असाही हिशेब केला जातो. वस्तुतः सांध्याचे बळ सरस लागलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळातून, तेथील लाकडी तंतूंच्या दिशेतून आणि दोन्ही भाग एकमेकांत किती नेमके बसतात यातून येते. लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक नळ्यांसारखे असतात; फळीच्या आडव्या कापलेल्या टोकाला या नळ्यांची तोंडे उघडी पडून ती सरस शोषून घेतात, तर तंतूंना समांतर असलेल्या बाजूवर सरस घट्ट पकड घेतो. यंत्रांची तुलना करायची ती हे ध्यानात ठेवूनच.

बिस्किट जॉइनर या यंत्राची लहान गोल करवत लाकडात 4 मिलिमीटर रुंदीची, चंद्रकोरीच्या आकाराची खाच पाडते आणि समोरासमोरच्या दोन खाचांत दाबून तयार केलेल्या बीच लाकडाची लंबगोल चकती सरस लावून बसवली जाते. स्वित्झर्लंडमधील हेर्मान श्टाइनर यांनी 1950च्या दशकात शोधलेली ही पद्धत ‘लामेलो’ या नावाने जगभर पसरली. फळ्या कडेला कड लावून टेबलाचा रुंद पृष्ठभाग तयार करताना या चकत्यांनी जोड बळकट होतो, हा समज मात्र चुकीचा आहे, कारण तेथे तंतू तंतूंना समांतर असतात आणि नीट रंधलेल्या कडांमधला सरसाचा जोड लाकडापेक्षाही चिवट ठरतो. तो मोडायला गेल्यास बहुधा शेजारचे लाकूडच फाटते. चकतीचे खरे काम क्लॅम्प आवळताना फळ्या वर-खाली सरकू न देण्याचे आहे, आणि ते ती उत्तम करते. सरसातील पाण्याने चकती फुगते तसे तिच्या भोवतीचे लाकूडही थोडे फुगते. ते पुरते वाळण्याआधीच पृष्ठभाग घासून सपाट केला तर पुढे त्या जागी उथळ खळगे उमटतात, हे सांगायची आठवण फार थोड्यांना राहते.

फेस्टूल या जर्मन कंपनीचे डॉमिनो हे यंत्र म्हणजे महागडे बिस्किट जॉइनर, असेही म्हटले जाते. पण डॉमिनोचे पाते स्वतःभोवती फिरता फिरता डावी-उजवीकडेही झुलते, त्यामुळे गोल कडांची लांबट आणि खोल खाच तयार होते, आणि तिच्यात दोन्ही लाकडांपासून सुटी असलेली कुसू बसते (कुसू म्हणजे खाचेत शिरणारी लाकडाची चपटी जीभ). फरक खुर्चीत स्पष्ट दिसतो. खुर्चीच्या पायाला जोडलेली आडवी पट्टी समजा 50 मिलिमीटर रुंद आहे. 20 क्रमांकाचे बिस्किट 56 मिलिमीटर लांब असल्याने त्याची खाच पट्टीच्या कडेबाहेर जाईल, शिवाय ते प्रत्येक बाजूला जेमतेम 12 मिलिमीटर शिरते, आणि मागे रेलून बसणाऱ्याच्या वजनाने सांध्यावर येणारा पीळ एवढी खोली पेलू शकत नाही. डॉमिनोची 50 मिलिमीटर लांबीची कुसू दोन्हीकडे 25 मिलिमीटर खोल बसते, आणि या यंत्राच्या मोठ्या प्रकारात खाच 70 मिलिमीटरपर्यंत खोल पाडता येते. तरीही सुटी कुसू पटाशीने कोरलेल्या सांध्यापेक्षा आपोआप कमजोर किंवा वरचढ ठरत नाही: जाडी, रुंदी आणि खोली सारखी असेल तर दोन्ही साधारण सारखेच बळ देतात.

डॉवेल, म्हणजे गोल लाकडी खुंटी, मागासलेली समजली जाते, मात्र पार्टिकल बोर्डाचे फर्निचर बनवणारे कारखाने आजही 8 मिलिमीटरच्या खुंट्यांवर मोठ्या प्रमाणात विसंबतात. तिची मर्यादा सागवानासारख्या भरीव लाकडात जाणवते, कारण आडव्या तंतूंत पाडलेल्या गोल भोकाच्या भिंतीचा बराच भाग तंतूंच्या उघड्या तोंडांचा असतो आणि सरसाला चांगली पकड थोड्याच जागी मिळते. खुंटीवरील उभ्या रेघा शोभेच्या नसतात. अडकलेली हवा आणि जादा सरस त्यांतून बाहेर पडतो, नाहीतर ठोकताना लाकूड तडकू शकते. शिवाय बिस्किटाची खाच किंचित लांब असल्याने जोडताना बाजूला सरकवण्यास वाव मिळतो, तसा डॉवेलला मिळत नाही, म्हणून भोकांची मापे नेमकीच असावी लागतात.

तिरक्या भोकातून स्क्रू घालण्याची पद्धत कपाटाच्या दर्शनी चौकटीसाठी पुरेशी आणि झटपट आहे. खुर्चीसाठी ती वापरू नये.

यंत्र असले की अचूकता आलीच, हाही भ्रम आहे: यंत्र ज्या पृष्ठभागावर टेकते तोच वाकडा असेल तर प्रत्येक खाच त्याच वाकडेपणाने पडते, म्हणून आधी रंधा आणि गुण्या यांचे काम पुरे व्हावे लागते. कोणताही सांधा लाकडाचे आकुंचन-प्रसरण थांबवत नाही. कोकणातील पावसाळ्यात दार फुगते ते याच कारणाने, आणि हा बदल तंतूंच्या लांबीच्या दिशेने नगण्य, आडव्या दिशेने मोठा असतो. म्हणून रुंद टेबलाच्या टोकाला आडवी पट्टी जोडताना मधल्याच कुसूला सरस लावतात आणि कडेच्या कुसूंसाठी पट्टीतील खाचा थोड्या लांब पाडून त्या कोरड्या ठेवतात, म्हणजे फळी फुगली वा आकसली तरी तिला हलायला जागा उरते.