नातवंडांच्या नावावरचे कर्ज

बेंगळुरूच्या ‘नम्म मेट्रो’ची पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ रोजी बोम्मसंद्रापर्यंत सुरू झाली. लांबी १९ किलोमीटर, स्थानके १६ आणि खर्च सुमारे ७,१६० कोटी रुपये. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यासाठी परदेशी वित्तसंस्थांकडून कर्जही घेण्यात आले आहे. ते फिटेपर्यंत बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीत आज राबणारे अनेक कामगार निवृत्त झालेले असतील. उरलेला भार त्यांची मुले वाहतील. मात्र तीच मुले या गाड्यांतून प्रवासही करतील. कर्ज आणि लाभ एकाच पिढीच्या वाट्याला येत असतील, तर त्यात अन्याय नाही.

माझ्यासारख्या परंपरानिष्ठ आजोबांची चिंता निराळी आहे. लाभ आमचा आणि परतफेड नातवंडांची, अशी विभागणी राज्यकारभारात रूढ होत आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ५०.६५ लाख कोटी रुपयांच्या एकूण खर्चापैकी १२.७६ लाख कोटी रुपये केवळ व्याजासाठी आहेत. भांडवली खर्चाची तरतूद ११.२१ लाख कोटींची. म्हणजे नवे उभारण्यापेक्षा जुन्या कर्जाचे व्याज अधिक. वित्तीय उत्तरदायित्व कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनुसार २०२४-२५ अखेर केंद्राचे कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४० टक्क्यांवर यायचे होते. आता मार्च २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांच्या आसपास आणण्याचे उद्दिष्ट आहे. करोनाचे संकट खरेच होते; पण संकट सरल्यावरही मर्यादा सैलच राहिली.

राज्यांचे चित्र वेगळे नाही. कर्नाटकात ‘गृहलक्ष्मी’ आहे, महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’. गरीब घरातील स्त्रीच्या हाती दरमहा निश्चित रक्कम पडणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु दोन्ही राज्यांचे २०२५-२६ चे अर्थसंकल्प महसुली तुटीचे आहेत. दैनंदिन खर्चासाठीही कर्ज काढावे लागत असेल, तर आईच्या खात्यात आलेल्या रकमेचा काही भाग तिच्या मुलीच्या नावावर उधार मांडला जातो.

हा आक्षेप केवळ गरिबांच्या योजनांवर घेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुन्या निवृत्तिवेतनाचा मी स्वतः लाभार्थी आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्राने नव्या कर्मचाऱ्यांसाठी अंशदानाची पद्धत आणली, ती याच ओझ्यामुळे. तरीही राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल प्रदेश यांसारखी राज्ये जुन्या व्यवस्थेकडे वळली. संघटित कर्मचाऱ्यांना आवाज असतो. पाळण्यातल्या करदात्याला नसतो. शिवाय तो करदाता संख्येनेही घटत आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाचा एकूण प्रजनन दर २.० आहे, कर्नाटक व महाराष्ट्राचा प्रत्येकी १.७.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आठवते. आरमारासाठी लाकूड हवे असतानाही आंबा-फणसाची झाडे सरसकट तोडू नयेत, असे त्यात बजावले आहे. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. युद्धाची निकड असलेल्या राज्यानेही पुढच्या काळाचा हिशेब ठेवला होता. परंपरा जपणे याचा माझ्या लेखी अर्थ हाच.

उपाय अपरिचित नाहीत. एन. के. सिंह समितीने २०१७ मध्ये स्वतंत्र वित्तीय परिषदेची शिफारस केली होती. ती परिषद अद्याप स्थापन झालेली नाही. ती नेमावी. प्रत्येक नव्या आवर्ती योजनेसोबत आणि निवृत्तिवेतनाच्या प्रत्येक निर्णयासोबत पुढील वीस वर्षांच्या भाराचे विवरण विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक करावे. हे विवरण पाहूनही लोकप्रतिनिधींनी योजना मंजूर केली, तर तो त्यांचा अधिकार आहे. पण ज्यांना अजून मत देता येत नाही, त्यांच्या नावावर किती रक्कम चढवली, हे मत देणाऱ्यांना कळायलाच हवे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)