शिवोलीच्या घरात तयार झालेली कॅसेट

बॉब डिलनला २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं आणि 'गाणं हे साहित्य आहे का' या आपल्या मंडळातल्या वादाला कायमचं खाद्य मिळालं. मी त्यात फारसा पडत नाही. मला त्याहून साधा प्रश्न पडतो. स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं गाणं माणूस लोकांपर्यंत नेतो कसं? तेही हाताशी स्टुडिओ नाही, कंपनी नाही, ओळख नाही, अशा वेळी? याचं एक उत्तर मला गोव्यात मिळालं. रेमो फर्नांडिसची 'गोअन क्रेझी' ही १९८४ सालची कॅसेट. हॉस्टेलमधला माझा रूममेट म्हापशाचा. त्याच्या वडिलांनी ती जपून ठेवली होती, त्यामुळे ऐकायला मिळाली.

आपल्याला रेमो माहीत आहे तो 'बॉम्बे' सिनेमातल्या 'हम्मा हम्मा'मुळे. पण ते १९९५ चं. त्याच्या आधीचा रेमो वेगळाच होता. जन्म १९५३ चा, गाव बार्देशातलं शिवोली. मुंबईत जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकला, मग गिटार घेऊन युरोप आणि उत्तर आफ्रिकेत लोकांच्या गाड्यांना हात दाखवत काही वर्षं फिरला. परत आल्यावर, गाण्यात काही करायचं तर खरं म्हणजे मुंबईत राहायला हवं होतं. स्टुडिओ तिथे, कंपन्या तिथे, सिनेमा तिथे. हा गडी मात्र शिवोलीला जाऊन बसला.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्यातच आहे. साध्या कॅसेटच्या पट्टीवर चार माग असतात. दोन 'ए' बाजूचे, दोन 'बी' बाजूचे, म्हणून तर आपण कॅसेट उलटी करून घालायचो (आपण म्हणजे आपले आईवडील). टीॲक या जपानी कंपनीने १९७९ मध्ये एक पेटी काढली, पोर्टास्टुडिओ. ती हे चारही माग एकाच दिशेने वापरते. म्हणजे काय, तर पहिल्या मागावर गिटार वाजवून ठेवायची. मग ती कानात ऐकत दुसऱ्यावर बासरी. तिसऱ्यावर आवाज. जागा संपली की हे तिन्ही एकत्र करून चौथ्या मागावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिघांवर पुन्हा नवीन काही भरायचं. अडचण एवढीच की एकदा एकत्र केलं की सुटं करता येत नाही. बासरी जरा मोठी झाली असेल तर ती मोठीच राहणार. शिवाय दर उतरवणीत पट्टीची 'स्स्स' वाढत जाते.

असल्याच चार मागांच्या यंत्रावर रेमोने 'गोअन क्रेझी' घरी रेकॉर्ड केली. सगळी वाद्यं त्याने वाजवली, सगळे आवाज त्याचेच, शब्द आणि चाली त्याच्या, कव्हरही त्यानेच काढलं. कॅसेटी तयार झाल्यावर स्कूटरवर टाकून दुकानोदुकानी तोच पोहोचवायचा.

जगात असं करणारा तो एकटा नव्हता. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत आपल्या न्यू जर्सीतल्या घरी पोर्टास्टुडिओवर काही गाणी उतरवली. कच्ची म्हणूनच. नंतर बँड घेऊन मोठ्या स्टुडिओत ती पुन्हा केली, पण त्यात जीव येईना. शेवटी घरची कॅसेटच 'नेब्रास्का' नावाने बाहेर आली. फरक एक मोठा आहे. स्प्रिंगस्टीनमागे कंपनी उभी होती. रेमोकडे स्कूटर होती.

गाण्यांत काय आहे? रॉकची गिटार आहे, गोव्याच्या लोकगीतांचा ठेका आहे, आणि भरपूर खोडी आहे. एक गाणं चक्क टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलला उद्देशून आहे. त्या काळी आपल्याकडे फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा हे लक्षात घेतलं की त्यातली चेष्टा कळते. सगळीच गाणी मला आवडतात असं नाही, काही उगाच लांबलीत. पण ती ज्या गावातून आली त्या गावाची आहेत, हे पहिल्या मिनिटात कळतं. भाषा इंग्रजी असूनही.

इथेच मी अडतो. इंग्रजी का? कोकणी का नाही? गोव्यात तेव्हा कोकणी की मराठी हा वाद पेटायच्या बेतात होता, १९८७ मध्ये राजभाषेचा कायदा होऊन कोकणी राजभाषा झाली. रेमोने 'गोअन क्रेझी'च्या पुढच्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड'मध्ये गोव्याची जुनी गाणी घेतली. म्हणजे आधी स्वतःचं बोलून घेतलं आणि मग आजोबांच्या गाण्यांकडे गेला. बहुतेक जण उलट जातात. मग १९८७ ला 'जलवा'चं शीर्षकगीत, हिंदी सिनेमा, २००७ ला पद्मश्री. तो भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

मला हे एवढं का लागलं ते सांगतो. आमचं घर सुरतला, नवागामात. आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशातली. धुळे, नंदुरबार, जळगावकडून लूमवर कामाला आलेली. माझा मामेभाऊ, मी दादा म्हणतो त्याला, मागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर अहिराणी गाणी करतो. लग्नाच्या डीजेची गाणी, त्याचे पैसे मिळतात. पण त्याच्याकडे एक वही आहे. त्यात वडिलांच्या रातपाळीवर, उधना स्टेशनवर गाडीची वाट बघत झोपलेल्या माणसांवर लिहिलेली गाणी आहेत. ती त्याने कधी रेकॉर्ड केली नाहीत. "हाई कोन ऐकी?" म्हणतो. आणि मीही कधी मागे लागलो नाही. खरं सांगायचं तर कॉलेजात मित्रांसमोर घरचा फोन आला की मी अहिराणीतून पटकन मराठीत येतो.

दिवाळीत त्याला मोबाईलवर 'गोअन क्रेझी' ऐकवली. इंग्रजी त्याला फारसं कळलं नाही. दोन गाणी ऐकून त्याने विचारलं, "हाऊ एकलाच वाजाडस का सगळं?" मी चार मागांचं समजावलं. मग खोलीबाहेरच्या लूमच्या आवाजाचं काय करायचं, यावर आम्ही तासभर बोलत बसलो. पहाटे चारला पाळी बदलते तेव्हा थोडं शांत असतं म्हणाला.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. रातपाळीचं गाणं अर्धं झालंय, एका जागी अडलंय. वडील पाळीवरून येतात तेव्हा कपड्यांवर जो कापसाचा बारीक भुगा असतो, त्याला आजी काय म्हणायची ते त्याला आठवत नव्हतं. तू मराठी मंडळात आहेस ना, सांग, म्हणाला. मला चार मराठी शब्द सुचले. आजीचा एकही नाही. शेवटी आईला फोन लावला.