एक सर्व्हलेट, दोनशे थ्रेड

१९९३ मध्ये सीजीआय आलं आणि वेब सर्व्हर तयार फाइली देण्यापलीकडे काही करू लागला. पद्धत मात्र खर्चिक होती. विनंती आली की सर्व्हर नवी प्रोसेस सुरू करी. ती पर्लचा इंटरप्रिटर चढवी, डेटाबेसशी जोडणी करी, पान लिही आणि संपून जाई. पुढच्या विनंतीला पुन्हा पहिल्यापासून. गर्दी वाढली की प्रोसेस उभ्या करण्यातच यंत्राचा दम निघायचा.

सन मायक्रोसिस्टिम्सने मे १९९६ मध्ये, पहिल्या जावावन परिषदेत, सर्व्हलेटची घोषणा केली. पावनी दिवाणजी यांनी घडवलेलं १.० स्पेसिफिकेशन जून १९९७ मध्ये पक्कं झालं. कल्पना धाडसी होती: जावाचा एकच ऑब्जेक्ट मेमरीत जिवंत ठेवायचा आणि प्रत्येक विनंती वेगळ्या थ्रेडवर त्याच ऑब्जेक्टच्या सर्व्हिस मेथडमध्ये शिरू द्यायची. नवी प्रोसेस नाही, जोडण्याही पुन्हा वापरता येतात. वेग मिळाला, पण त्याची किंमत कोड लिहिणाऱ्याला मोजावी लागली.

समजा, कोणी सर्व्हलेटच्या क्लासमध्येच ‘ग्राहक’ नावाचं फील्ड ठेवलं. पहिल्या थ्रेडने त्यात एकाचं नाव भरलं आणि तो डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत थांबला. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने त्याच फील्डमध्ये दुसऱ्याचं नाव लिहिलं. पहिला पुढे सरकतो आणि बिल छापतो ते परक्या नावाचं. प्रोग्रामरच्या यंत्रावर हे सहसा दिसत नाही, कारण तिथे क्लिक करणारा तो एकटाच असतो. प्रॉडक्शनवर, भर गर्दीत घडतं आणि लॉगमध्ये एकही एक्सेप्शन सापडत नाही. स्टॅटिक ठेवलेल्या सिंपलडेटफॉरमॅटनेही असाच छळ केला. दोन थ्रेड एकदम आत गेले की तारखा चुकायच्या. बदलता न येणारे, थ्रेडसेफ फॉरमॅटर जावाच्या मूळ लायब्ररीत आले ते थेट २०१४ मध्ये, जावा ८ बरोबर.

यातून सुटका म्हणून, एका ऑब्जेक्टमध्ये एका वेळी एकच थ्रेड सोडणारा सिंगलथ्रेडमॉडेल हा इंटरफेस दिला गेला. तो खोटा दिलासा होता. सेशन आणि स्टॅटिक फील्ड तरीही सगळ्यांची सामाईकच राहत. २००३ च्या सर्व्हलेट २.४ ने तो डेप्रिकेट केला, पण स्पेसिफिकेशनमधून तो गेला २०२२ च्या ६.० मध्ये.

१९९९ मध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांचा टॉमकॅट अपाचेकडे आला आणि सर्व्हलेट घरोघरी पोचलं. त्याच्या कनेक्टरमध्ये विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडची ठरलेली कमाल संख्या दोनशे. डेटाबेस मंदावला की दोनशेच्या दोनशे थ्रेड उत्तराची वाट बघत अडकतात आणि मागून आलेला साधा लोगोसुद्धा रांगेत तिष्ठतो. सीपीयू तेव्हा जवळजवळ रिकामा बसलेला असतो! सर्व्हर बंद पडला असं समजून रीस्टार्ट करण्याआधी थ्रेड डंप काढून पाहावा, हा धडा ऑपरेशन्सच्या मंडळींनी इथेच गिरवला.

उपाय म्हणून डिसेंबर २००९ मध्ये सर्व्हलेट ३.० ने असिंक्रोनस प्रक्रिया आणली, २०१३ च्या ३.१ ने नॉन-ब्लॉकिंग वाचन-लेखन. थ्रेड मोकळे झाले, पण कोडची पार दशा झाली. सरळ वाचता येणारी मेथड कॉलबॅकच्या तुकड्यांत विखुरली आणि चूक नेमकी कुठून सुरू झाली हे स्टॅक ट्रेसवरून कळेनासं झालं. २०२० मध्ये पॅकेजांचं जाव्हॅक्स हे नाव जाऊन जकार्ता आलं आणि इम्पोर्टच्या ओळी बदलण्यात अनेकांचे दिवस गेले. गाभ्याला त्याने धक्का लावला नाही.

सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ ने व्हर्च्युअल थ्रेड दिले. असा थ्रेड वाट बघत थांबला की खालचा ऑपरेटिंग सिस्टिमचा थ्रेड दुसऱ्या कामाला मोकळा होतो. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये थांबला तर मात्र तो खालचा थ्रेडही अडकून राहायचा. मार्च २०२५ च्या जावा २४ ने तीही अडचण काढली. १९९७ च्या वळणाची, ओळीमागून ओळ वाचता येणारी मेथड आता हजारो विनंत्या पेलू शकते. मग रांग लागते डेटाबेसच्या दारात: हिकारीसीपी या लोकप्रिय कनेक्शन पूलमध्ये, कुणी आकडा बदलला नाही तर, जोडण्या असतात फक्त दहा.