पसंतीचे अंगठे आणि कष्टाचा पैसा

गेल्या वर्षीची गोष्ट. दिंद्रुडला आमच्या घरी कापसाचे पैसे आले होते. देणी भागवून वीस हजार रुपये उरले. मोबाईलवर मी एका शेअरविषयीचा व्हिडिओ पाहत होतो. त्याखाली पसंतीचे, म्हणजे 'लाइक'चे, ऐंशी हजार अंगठे होते. अण्णांनी विचारले, "तू शिकलेला हायस. घालावं का पैसं?" मी म्हणालो, "अण्णा, ऐंशी हजार लोकांना पटलंय."

पाच महिन्यांत वीस हजारांचे चार हजार झाले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजोबांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला. मला वाचता येत असूनही मी परक्यांच्या अंगठ्यांवर विसंबलो. अण्णा काही बोलले नाहीत. आई मात्र म्हणाली, "त्या अंगठा दाबणारांनी सोताचं किती घातलं व्हतं रे?" या प्रश्नाचा शोध घेताना जे समजले, ते मित्रांपुढे ठेवीत आहे.

लाइकचे बटण फेसबुकने फेब्रुवारी २००९ मध्ये आणले. ते दाबायला पैसा लागत नाही आणि चूक ठरली तरी दाबणाऱ्याचे काही जात नाही. कुणाला बोलणाऱ्याची भाषा आवडते, कुणाला श्रीमंतीची आशा आवडते. ज्याने तो शेअर आधीच घेतला आहे, तो तर आनंदाने अंगठा दाबतो. थोडक्यात, लाइक ही व्हिडिओला मिळालेली पसंती आहे. कंपनीचा नफा किंवा कर्ज तिच्यात दिसत नाही. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. भोवती किती माणसे उभी आहेत, हे मोजत नाही.

शिवाय गर्दी विकतही मिळते. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीचे प्रकरण पाहा. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर तिच्याविषयी व्हिडिओ आले. एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी घेणार आहे, भक्तिपर चित्रपटांसाठी तिला अमेरिकन कंपनीकडून ११०० कोटींचे काम मिळाले आहे, अशा खोट्या बातम्या त्यांत होत्या. प्रेक्षक जमावेत म्हणून जाहिरातींवर पैसा ओतला गेला. लहान भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. हे लोक चढ्या भावाने घेत असताना आतली मंडळी विकत होती. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या 'सेबी'ने मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. मे २०२५ च्या अंतिम आदेशाने ५९ जणांवर कारवाई झाली. परंतु आदेश येईपर्यंत जवळजवळ तीन वर्षे गेली होती.

मग लाइक वाढले की भाव चढतो, हे खोटे का? नाही, काही काळ तो खरोखर चढतो. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ साली याचे मर्म एका दृष्टान्ताने सांगितले. वृत्तपत्रात शंभर चेहरे छापले आहेत. सर्वांच्या सरासरी पसंतीशी ज्याची निवड जुळेल, त्याला बक्षीस आहे. अशा वेळी माणूस स्वतःला सुंदर वाटणारा चेहरा निवडीत नाही. इतरांना कोणता आवडेल याचा अंदाज करतो. इतरही तेच करीत असतात. शेअरबाजारातही असेच घडते.

अमेरिकेतील गेमस्टॉप या दुकानसाखळीचा शेअर जानेवारी २०२१ च्या आरंभी वीस डॉलरच्या आत होता. समाजमाध्यमांवर उत्साहाची लाट आली आणि २८ जानेवारीला तो ४८३ डॉलरपर्यंत गेला. फेब्रुवारीच्या मध्यास तो पन्नासच्या आसपास उतरला. आधी घेतलेल्यांना विकायला गिऱ्हाईक लागते, आणि अंगठे पाहून शेवटी येणारा तेच गिऱ्हाईक असतो. लाइकवरून गर्दी कुठे आहे एवढे कळते. ती कधी पांगेल हे कळत नाही.

तेव्हा पाहायचे काय? कंपनीचे तिमाही निकाल शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. विक्री वाढते आहे का, कर्ज किती आहे, प्रवर्तक स्वतःचा हिस्सा विकीत आहेत का, हे तेथे दिसते. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का, हेही तपासता येते. मी यांतले एकही पाहिले नव्हते. पाहायला एक संध्याकाळ पुरली असती.

आपल्या महाविद्यालयात कला शाखेच्या मुलांनाही ताळेबंद वाचायला शिकवावे, अशी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. आमच्यासारख्या घरांत पैशाचा प्रश्न आता शिकलेल्या मुलाला विचारला जातो. यंदा कापूस विकल्यावर अण्णांनी पुन्हा विचारले, "काय करावं?" मी म्हणालो, "अण्णा, आधी खताची उधारी देऊ. बाकीचं मी वाचून सांगतो."