सात कोटींचा इष्टांक आणि वाढते हर्सूल

रोज 220 माणसे. 2001 ते 2011 या दशकात तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची लोकसंख्या 28,97,013 वरून 37,01,282 झाली. भागाकार केला की दिवसाची भर एवढी निघते. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यात 81,708 माणसे घटली, म्हणजे दिवसाला 22. एकाच राज्याचा एक कोपरा फुगत होता, दुसरा ओसरत होता.

फुगवटा कुठे जिरतो, ते हर्सूलला दिसते. तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि हरसिद्धी मातेचे मंदिर यांसाठी ओळखले जाणारे हे जुने गाव आता छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या हद्दीत आहे. 1991 मध्ये शहरात पावणेसहा लाख लोक होते. 2011 मध्ये 11,75,116. वीस वर्षांत दुप्पट!

या माणसांच्या ताटाचा हिशेब मात्र 2011 च्या जनगणनेवरच थांबला आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील 76.32 टक्के आणि शहरी भागातील 45.34 टक्के लोकांना स्वस्त धान्याच्या कक्षेत घेतले. ही टक्केवारी 2011 च्या 11.24 कोटी लोकसंख्येला लावून राज्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची कमाल संख्या, ठरला: सुमारे 7 कोटी. इष्टांक भरला की नवे नाव चढायला जुने नाव कमी व्हावे लागते. 2011 नंतर जन्मलेली पोरे हायस्कुलात पोहोचली, आकडा जागचा हलला नाही.

2021 साठी राज्याच्या लोकसंख्येचा सरकारी अंदाज सुमारे 12.44 कोटी होता, म्हणजे 1.2 कोटींची वाढ. जुन्याच प्रमाणात या वाढीव लोकांना सामावायचे तर सुमारे 75 लाख नावे वाढवावी लागतील. माणशी 5 किलोप्रमाणे दरमहा साडेसदतीस हजार टन धान्य. दहा टनी ट्रक लावले तर 3,750 ट्रक, दर महिन्याला.

त्यात आणखी एक मेख आहे. खेड्यात शंभरातले 76 जण कक्षेत, शहरात 45. मजूर गाव सोडून शहराच्या कडेला खोली करतो, तेव्हा त्याची गरिबी नाक्यावर उतरत नाही. कायद्याच्या टक्केवारीत मात्र उतरते. गावचे रेशन कार्ड असेल तर कार्डाच्या पोर्टेबिलिटीमुळे त्याला धान्य इथेही उचलता येते. प्रश्न कार्डच नसलेल्यांचा आणि कार्डावर न चढलेल्या लेकरांचा आहे.

पैशांच्या योजनांतही असाच गोठलेला आकडा सापडतो. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा 21,000 रुपये आहे. दिवसाला 58 रुपये. पाच जणांच्या घरात माणशी साडेअकरा. रोजगार हमीचा 2025-26 चा दर होता 312 रुपये. त्या दराने घरातल्या एकाने 68 दिवस माती उचलली, तरी कुटुंब ‘निराधार’ राहत नाही! याउलट 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेत अर्ज मोजले गेले, जुनी शिरगणती नाही. म्हणून दोन कोटींहून अधिक महिलांपर्यंत महिना 1,500 रुपये पोहोचू शकले. दर कोटी महिलांमागे महिन्याला 1,500 कोटींचा खर्च. तिजोरी हलू शकते. हलत नाही तो माणसे मोजण्याचा पाया.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. गणकाची खरी कसोटी हर्सूलसारख्या वाढत्या कडांवर लागेल: नव्या प्लॉटिंगमध्ये, भाड्याच्या खोल्यांत, कामासाठी दिवसभर कुलूप असलेल्या घरांत. शहरी प्रमाण हेच राहिले, तर मोजणीत सुटलेल्या दर एक लाख माणसांमागे 45,340 नावे इष्टांकातून जातील, आणि त्यांच्याबरोबर दरमहा सुमारे 227 टन धान्य. पुढची मोजणी होईपर्यंत.