मोटारीचा लोअर आर्म : काटकसर कोठें करावी?

वर्धा जिल्ह्याची भूमि काळी, कपाशीची. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिजवरील रस्तेहि उंचसखल होतात. त्यांचे धक्के मोटारीचीं पुढील चाकें धरून ठेवणारा ‘लोअर आर्म’ सोसतो. त्याच्या सांगाड्याकडील टोकास रबरी बुश, तर चाकाकडील टोकास बॉल जॉइंट असतो. बुश झिजल्यास खडखडाट होतो, टायर एका कडेनें झिजतो. बॉल जॉइंट निखळल्यास मात्र चाकच कोलमडतें. डिसेंबर २०२२ मध्यें खुल्या झालेल्या समृद्धि महामार्गाच्या वेगांत असें घडणें म्हणजे प्राणांशीं गांठ.

दांडा सरळ व बॉल जॉइंट घट्ट असेल, तर केवळ नवे बुश बसवावे. खरी काटकसर हीच. वाकलेला दांडा ठोकून सरळ करूं नये. कंपनीबाहेरचा स्वस्त दांडा घेतांना तो जुन्याशीं ताडून पाहावा. बॉल जॉइंट सैल नसावा, त्याची रबरी टोपी अखंड असावी, पक्की पावती मिळावी. बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतांनाच अखेरचे आवळावे. एरवीं रबर पीळ खाऊन लौकर फाटतें. शेवटीं अलाइनमेंट करावी.

डब्यावरील छापाचे पैसे खुशाल वाचवावे. सांध्याचे मात्र वाचवूं नयेत.