फोन घेताना पहिला प्रश्न : दुरुस्ती किती वर्षे मिळणार?

घरात नवा फोन घ्यायचा ठरला की बोलणे सुरू होते ते किमतीवरून. मग कॅमेरा, बॅटरी, रंग आणि महिन्याचा हप्ता. दुकानदारही तेवढेच सांगतो, कारण गिऱ्हाईक तेवढेच विचारते. परंतु त्या फोनमध्ये आपण पुढे काय काय ठेवणार आहोत, याचा विचार त्या वेळी फारसा होत नाही. आईचे बँक खाते त्यात, बचत गटाचा हिशोब त्यात, मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी त्यावरच येणार, आधार कार्ड आणि जातीचा दाखला यांचे फोटोही त्यातच. पूर्वी ही कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवीत. आज ती पेटी आपण खिशात घेऊन फिरतो. मग तिचे कुलूप कसे आहे, हे पाहायला नको काय?

“आपल्याजवळ लपविण्यासारखे आहे तरी काय?” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांला हे मान्य नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. घटनेने दिलेला हक्क श्रीमंताला जास्त आणि गरिबाला कमी, असा नसतो. उलट ज्याच्या खात्यात पाचच हजार रुपये आहेत, त्याचे ते गेले तर त्याचा अख्खा महिना बुडतो.

कुलूप दुरुस्त कोण करतो?

फोन चालविणारी जी मूळ प्रणाली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक फोन गूगलच्या अँड्रॉइडवर चालतात, तर ॲपलच्या आयफोनवर आयओएस असते. दोन्ही माणसांनीच लिहिलेल्या आहेत, म्हणून दोन्हींत चुका सापडतात. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधील ‘स्टेजफ्राइट’ ही त्रुटी उघडकीस आली. नुसता एक व्हिडिओ-संदेश पाठवून परक्या माणसाला फोनमध्ये शिरता येईल, अशी ती होती आणि कोट्यवधी फोन त्या धोक्यात होते. लगेच पुढच्या महिन्यापासून गूगलने दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करण्यास आरंभ केला.

पण गूगलने दुरुस्ती केली म्हणजे ती आपल्या फोनमध्ये आली, असे होत नाही. ती आधी फोन बनविणाऱ्या कंपनीकडे जाते, कंपनी ती आपल्या फोनला जुळवून घेते, आणि मग आपल्याकडे पाठविते. काही कंपन्या वेळेवर पाठवितात, काही रेंगाळतात, तर काही दोन-तीन वर्षांनी पाठविणेच बंद करतात. फोन चालू राहतो, पण त्याचे कुलूप मोडकेच राहते. आयफोनमध्ये फोन आणि प्रणाली एकाच कंपनीची असल्याने दुरुस्ती थेट येते.

म्हणूनच आम्ही म्हणतो की, कॅमेऱ्याच्या आधी हा प्रश्न विचारावा : या फोनला सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचे वचन दिले आहे. पण हे फक्त महागड्या फोनलाच मिळते असे समजू नये. भारतात वीस हजारांच्या आत आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी ए१६ ५जी या फोनला सहा वर्षांचे वचन आहे. २०१५ साली आलेल्या आयफोन ६एसला ॲपलने २०२४ मध्येही सुरक्षेची दुरुस्ती पाठविली होती. मात्र ही वर्षे बहुधा फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण घेतल्यापासून नव्हे. स्वस्तात मिळणाऱ्या दोन वर्षांपूर्वीच्या फोनची दोन वर्षे आधीच संपलेली असतात.

जुना फोन आईला

आपल्या घरांत एक रीत पडली आहे. नवा फोन मुलाला, आणि त्याचा जुना फोन आईला. पण बचत गटाचे पैसे, गॅसचे अनुदान, पगार हे सारे ज्या खात्यात येते, ते अनेकदा आईचेच असते. म्हणजे ज्या फोनवर घरातला पैसा, त्याच फोनची दुरुस्ती बंद! हे उलटे झाले पाहिजे. ज्या फोनला अपडेट मिळत आहे, त्यावरच बँकेचा व्यवहार ठेवावा. अपडेट थांबलेला फोन गाणी ऐकण्यास किंवा धड्यांचे व्हिडिओ पाहण्यास खुशाल वापरावा.

जुना फोन विकत घेताना *#०६# दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक पाहावा. केवायएम ही इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास फोनची माहिती मिळते. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तेही कळते.

कोणती प्रणाली घ्यावी?

गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, म्हणून अँड्रॉइडला आपल्या आवडीनिवडीत अधिक रस असतो. सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातीची ओळख पुसता येते, ती पुसावी. ॲपलने एप्रिल २०२१ पासून, दुसऱ्या ॲपमध्ये आपला माग काढण्याआधी परवानगी विचारण्याची सक्ती केली आहे. ज्यांना याहून कडक बंदोबस्त हवा, त्यांच्यासाठी ग्राफीनओएस ही प्रणाली आहे. ती पिक्सेल फोनवर विनामूल्य बसविता येते, पण बँकांची काही ॲप तिच्यावर चालत नाहीत. सामान्य कुटुंबाला दीर्घकाळ अपडेट मिळणारा साधा अँड्रॉइडही पुरतो.

अभेद्य असा फोन मात्र कोणताच नाही. २०१९ मध्ये ‘पेगासस’ या इस्रायली हेरयंत्रणेने व्हॉट्सॲपमार्फत सुमारे १,४०० फोन लक्ष्य केल्याचे उघड झाले. त्यांत भारतातील वकील व कार्यकर्तेही होते. आपल्या फोनबाबतही आपणांस सावध करण्यात आले, असे डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी त्या वेळी वृत्तपत्रांना सांगितले होते. चळवळीत काम करणाऱ्यांनी आयफोनमधील ‘लॉकडाउन मोड’ किंवा अँड्रॉइड १६ मधील ‘ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ ही सोय चालू करावी.

सर्वसामान्य घराला मात्र धोका असतो तो आपण स्वतःच दार उघडण्याचा. लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाईल येते; ती उघडून बसविली की ओटीपी चोराच्या हाती जातो. कर्ज देणारी ॲप फोनमधील नंबर घेऊन नातेवाइकांना धमक्या देत असत. म्हणून ३१ मे २०२३ पासून गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरील कर्जाच्या ॲपना नंबर व फोटो पाहण्यास बंदी केली. पण बाहेरून आलेल्या ॲपला ही बंदी कोण लावणार?

या रविवारी एवढे करा

घरातील सगळे फोन एकत्र घेऊन बसावे. सेटिंगमधील फोनच्या माहितीत सुरक्षा अपडेटची तारीख असते, ती प्रत्येकाने पाहावी. ती वर्षभर जुनी असेल तर त्या फोनवरून बँक काढावी. चार आकडी पिनच्या दहाच हजार शक्यता असतात, सहा आकडीच्या दहा लाख. म्हणून सहा आकडे ठेवावेत. कोणते ॲप माईक, कॅमेरा, नंबर पाहते ते तपासून, गरज नसलेल्या परवानग्या बंद कराव्यात. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

हे काम घरातील शिकलेल्या मुलामुलींनी करावे. मात्र आईच्या हातून फोन काढून घेऊन नव्हे, तर तिच्या शेजारी बसून, तिच्याच बोटाने करून घ्यावे. म्हणजे पुढच्या महिला मंडळाच्या बैठकीत तीच चार जणींना शिकवील.